‘हॉटेलात काम’ ते ‘हॉटेल मॅनेजमेंट’ : एका आवडीचा इतिहास

१.
दादर पश्चिमेला वीर सावरकर मार्गावर केंद्र शासनाच्या अखत्यारीतील एक शिक्षणसंस्था आहे. जुने मुंबईकर तिला ‘केटरिंग कॉलेज’ एवढेच म्हणतात. तिचे अधिकृत नाव मात्र लांबलचक आहे : इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन. यातले हॉटेल समजते, केटरिंगही समजते. पण शेवटी आलेले ‘उपयोजित पोषणशास्त्र’ येथे काय करते? पंचतारांकित हॉटेलाचे स्वप्न उराशी बाळगून आलेल्या मुलामुलींचा पोषणशास्त्राशी संबंध काय? आजचा थ्रेड या एका शब्दाचा माग काढण्यासाठी आहे.

२.
हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या पेशाची ओढ कशामुळे वाटते आणि ती का टिकते किंवा का विरते, हा जगभरच्या अभ्यासकांचा आवडता प्रश्न आहे. उत्तरेही ठरलेली असतात : वेतन, घरच्यांचे मत, समाजातील प्रतिष्ठा, बढतीची आशा, प्रशिक्षणातील अनुभव. उत्तरे चुकीची नाहीत. परंतु ‘प्रतिष्ठा’ किंवा ‘घरच्यांचे मत’ या गोष्टी आकाशातून पडत नाहीत. त्यांना भूतकाळ असतो. अठरा वर्षांच्या मुलाला जी आपली स्वतंत्र आवड वाटते, तिच्यामागे त्याच्या जन्मापूर्वीची कित्येक दशके उभी असतात.

३.
प्रारंभ आपल्या भाषेपासूनच करू. इंग्रजीत ज्या इमारतीत प्रवासी मुक्काम करतो ते हॉटेल. मराठीने हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पार बदलून टाकला. आपल्याकडे हॉटेल म्हणजे जेथे चहा, भजी, मिसळ मिळते ती जागा. मुक्कामाला आपण लॉजवर जातो. त्यामुळे ‘मुलगा हॉटेलात कामाला आहे’ या वाक्याने मराठी घरात उभे राहणारे चित्र ठरलेले होते : फडके मारणारा, पाण्याचे पेले बोटांत अडकवून आणणारा पोऱ्या. या पेशाविषयीची पहिली अढी अशी भाषेतच मुरलेली आहे.

४.
हे चित्र निराधार नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण कॅनरा जिल्ह्यातून असंख्य मुलगे मुंबईच्या उडुपी उपाहारगृहांत आले. दिवसा कपबश्या विसळायच्या, रात्री त्याच जागेत पथारी टाकायची. त्यांच्यापैकी अनेकजण काम संपल्यावर शहरातील कन्नड रात्रशाळांत शिकत. त्याच मुलखातून पोरवयात आलेल्या आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबलेल्या ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्थानकाजवळ आपली खाणावळ उघडली. ती आजही चालू आहे. पण नायक यांच्यासारखे मालक थोडे. बहुतेक मुलांच्या दृष्टीने हॉटेल ही शिक्षणाची फी भरण्याची सोय होती आणि शिक्षण ही हॉटेलातून बाहेर पडण्याची वाट होती.

५.
येथे क्षणभर थांबावे. त्या पिढीतील मुलगा हॉटेलातून सुटण्यासाठी शिकत होता. आजचा विद्यार्थी हॉटेलात शिरण्यासाठी शुल्क भरून शिकतो. काम तेच आहे : अन्न रांधणे, वाढणे, खोली झाडणे, आल्यागेल्याचे स्वागत करणे. मग मधल्या काळात असे काय घडले की सुटकेची वाट प्रवेशाची वाट झाली?

६.
उत्तराकडे जाण्यापूर्वी अडथळा नीट पाहायला हवा. कष्ट तर गिरणीतही होते. तरी गिरणीतली नोकरी सांगताना कुणी आवाज खाली घेत नसे. हॉटेलातील कामाला ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ हे दोन शब्द चिकटलेले होते. परक्याचे उष्टे उचलणे हे आपल्या समाजात जातीच्या उतरंडीशी बांधलेले काम. रांधणाऱ्याला सोवळे पाळणारा आचारी म्हणून थोडा मान मिळे, वाढणाऱ्याला कमी, ताट उचलणाऱ्याला आणि शौचकूप धुणाऱ्याला मुळीच नाही. ‘लोक काय म्हणतील’ या आजच्या घरगुती प्रश्नात ही सगळी उतरंड दडलेली आहे.

७.
या अढीपासून बऱ्याच अंशी मुक्त असलेला एक समाज आपल्या शेजारीच होता : गोव्याचे ख्रिस्ती. पोर्तुगीज राजवटीतील शतकांमुळे पाश्चात्त्य पदार्थ, मद्य, वाद्यसंगीत यांच्याशी त्यांचा परिचय होता. गोमांस-डुकराचे मांस हाताळण्यास धार्मिक आडकाठी नव्हती. म्हणून ब्रिटिशांच्या बंगल्यांत, क्लबांत, आगगाड्यांच्या भोजनडब्यांत आणि आगबोटींवर स्वयंपाकी व स्टुअर्ड म्हणून गोवेकरांना मागणी असे. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावोगावचे ‘कूड’ होते. गावाच्या नावाने चालणारी ही सामायिक निवासस्थाने. बोट लागेपर्यंत खलाशी तेथे अल्प पैशांत राहत. बोटीवर जाणाऱ्या अशा माणसाला कोकणीत ‘तारवटी’ म्हणतात.

८.
तारवट्याला गावात मान होता. त्याच्या पैशांतून घरावर कौले चढत, बहिणींची लग्ने होत, चॅपेलच्या फेस्ताला देणगी जाई. तेच काम, पण त्याभोवतीचा समाज वेगळा असल्याने त्याची किंमत वेगळी. १६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. अशा बड्या हॉटेलांत वरच्या जागा दीर्घकाळ युरोपीयांच्या हाती होत्या. तरी त्याच ताजच्या स्वयंपाकघरात मिगेल आर्कांजो मस्कारेन्हस हे गोवेकर मुख्य शेफच्या पदापर्यंत पोहोचले. ‘मास्की’ या नावाने ते आजही त्या हॉटेलाच्या आठवणींत आहेत. त्यांच्याजवळ पदविका नव्हती, कारण ती देणारी संस्थाच तेव्हा देशात नव्हती.

९.
मग अशी संस्था जगात प्रथम कोठे निघाली? स्वित्झर्लंडमध्ये. १८९३ मध्ये लोझान येथे जाक चुमी यांच्या पुढाकाराने हॉटेलशाळा सुरू झाली. आल्प्समध्ये पर्यटकांची रीघ लागली होती आणि हॉटेलमालकांना प्रशिक्षित माणसांची चणचण होती. त्यापूर्वीचा मार्ग उमेदवारीचा होता. पुढे जगातील सर्वात प्रसिद्ध हॉटेलव्यावसायिक ठरलेला सेझार रिट्झ हा निडरवाल्ड या खेड्यातील शेतकऱ्याचे तेरावे अपत्य. त्याच्या पहिल्याच मालकाने ‘हा पेशा तुझ्यासाठी नाही’ असे सांगून त्याला वाटेला लावल्याची कथा सांगतात. १८९८ मध्ये त्याच मुलाच्या नावाचे हॉटेल पॅरिसमध्ये उभे राहिले.

१०.
अमेरिकेत हा प्रश्न विद्यापीठात गेला. १९२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हॉवर्ड मीक यांनी हॉटेल प्रशासनाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्या काळचे मोठे हॉटेलमालक एल्सवर्थ स्टॅटलर यांना ही कल्पना प्रारंभी पटली नव्हती. ते स्वतः तेराव्या वर्षी हॉटेलात सामान उचलणारे पोरगे म्हणून लागले होते; हे काम पुस्तकातून शिकता येते यावर त्यांचा विश्वास कसा बसावा? १९२७ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेला ‘हॉटेल एझ्रा कॉर्नेल’ हा उपक्रम त्यांनी पाहिला आणि मत बदलले. पुढे त्यांच्या प्रतिष्ठानाच्या निधीवर ती शाळा वाढली. अनुभव मोठा की पदवी, हा वाद मात्र मिटला नाही. तो लक्षात ठेवा. थ्रेडच्या शेवटी पुन्हा भेटेल.

११.
म्हणजे लोझान पर्यटनातून जन्मले, कॉर्नेल उद्योगातून. भारतातील पहिली संस्था कशातून जन्मली? अन्नटंचाईतून. १९४३ चा बंगालचा दुष्काळ स्मृतीत ताजा होता. फाळणीने पंजाबचा पिकाऊ प्रदेश आणि सिंधही गेला होता. शहरांत शिधापत्रिका होत्या. १९५१ मध्ये अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घ्यावे लागले. त्या काळी केंद्रात अन्न व शेती खाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे होते. १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू करणारे ते हेच.

१२.
त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी स्वतः गुजराती लेखिका आणि सार्वजनिक कार्यकर्त्या होत्या. १९५२ पासून त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. त्यांच्या नेतृत्वाखालील महिलांच्या अन्नपरिषदेने एक अवघड काम अंगावर घेतले : तांदूळ-गव्हाशिवायही पोटभर आणि पौष्टिक जेवता येते, हे लोकांना पटवणे. त्यासाठी ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे काढण्यात आली. तेथे धान्याला पर्याय ठरणारे पदार्थ माफक दरात मिळत. उपाहारगृहे काढली की ती चालवणारी शिकलेली माणसे लागतात. स्वच्छता, साठवण, मोठ्या प्रमाणावरील स्वयंपाक, पोषणमूल्य हे सारे जाणणारा माणूस मिळायचा कोठे?

१३.
या गरजेतून १९५४ मध्ये मुंबईत ही संस्था सुरू झाली. आरंभ भारतीय विद्या भवनाच्या आश्रयाने झाला. दादरची वास्तू पुढची. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. ‘उपयोजित पोषणशास्त्र’ हा शब्द त्या नावात उगाच चिकटलेला नाही. तो त्या संस्थेच्या जन्मखुणेसारखा आहे. देशातील हॉटेलशिक्षणाचा उगम झुंबरांखालच्या भोजनकक्षात झाला नाही. तो रेशनच्या रांगेत झाला, आणि तो महिलांच्या संघटनेने घडवला. आज नामवंत हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांत स्त्रिया कमी दिसतात, हे ध्यानात घेता हा उगम विशेष आठवण्याजोगा आहे.

१४.
साठच्या दशकाच्या आरंभी दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथेही अशा संस्था निघाल्या. त्या सर्व अन्न खात्याच्या छत्राखाली होत्या. विद्यार्थ्यापुढचे ध्येय त्यावरून ठरे. कारखान्याचे कँटीन, रुग्णालयाचे स्वयंपाकघर, वसतिगृह, रेल्वे, सैन्यदल, विमानकंपनी ही त्याची संभाव्य ठिकाणे होती. मोठी हॉटेलेच मोजकी होती. दिल्लीचे सरकारी अशोका हॉटेल १९५६ मध्ये युनेस्कोच्या परिषदेसाठी उभारावे लागले, कारण एवढ्या पाहुण्यांना उतरवण्याजोगी जागा राजधानीत नव्हती.

१५.
त्याच काळात एक समांतर कथा घडत होती. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ मध्ये सिमल्याच्या सेसिल हॉटेलात महिना ५० रुपयांवर कारकून म्हणून लागले. १९३४ मध्ये पत्नीचे दागिने आणि होती ती मालमत्ता गहाण टाकून त्यांनी क्लार्क्स हॉटेल घेतले. शाळेविना शिखर गाठलेल्या या माणसाने १९६६ मध्ये स्वतःची हॉटेलशाळा काढली. स्टॅटलर यांचा मार्गही हाच होता. जे स्वतः उमेदवारीतून वर आले, त्यांनाच पुढच्या पिढीसाठी वर्ग उघडावे लागले. व्यवसाय मोठा झाला की मालकाची नजर प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचत नाही. मग शिस्त अभ्यासक्रमातून द्यावी लागते.

१६.
सत्तरच्या दशकात चित्र पालटू लागले. १९७४ मध्ये गोव्यात आग्वाद किल्ल्याच्या तटापाशी ताजचे किनारी हॉटेल उघडले. १९७५ मध्ये आयटीसी या तंबाखूच्या धंद्यातील कंपनीने मद्रासमध्ये चोला हॉटेल घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले. याच कंपनीने लखनौच्या इम्तियाज कुरेशी यांना आपल्या स्वयंपाकघरात आणले. ते परंपरेने आलेले बावर्ची. पुस्तकी शिक्षण जवळपास नाही. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदविकाधारक शेफ आणि खानदानी बावर्ची एकाच भट्टीपुढे उभे राहू लागले. तिकडे ‘आचारी’ हा शब्द मागे पडून ‘शेफ’ रूढ होत होता. शब्द बदलला की पगाराचा आकडा लगेच बदलतोच असे नाही. पण लग्नाच्या बोलणीत फरक पडतो.

१७.
निर्णायक वळण १९८२ चे. त्या वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. राजधानीत नवी हॉटेले उभी राहिली. देशाचे पहिले पर्यटन धोरण जाहीर झाले. आणि त्याच वर्षी या सर्व शिक्षणसंस्था अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेल्या. त्यांच्यासाठी हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञानाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. वरकरणी ही एक प्रशासकीय फेरफाराची फाइल. प्रत्यक्षात त्या फाइलीने एका पिढीचे स्वप्न बदलले.

१८.
कसे? अन्न खात्याच्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाचा केंद्रबिंदू होता भुकेला नागरिक. पर्यटन खात्याच्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्याचा केंद्रबिंदू झाला पैसे मोजणारा पाहुणा. शिधा कसा पुरवावा ही विद्या मागे सरली, समाधान कसे द्यावे ही पुढे आली. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेला आलेले राष्ट्रप्रमुख गोव्यात आग्वादला विश्रामासाठी उतरले. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. हॉटेलात काम करणे म्हणजे आता मोठ्या जगाच्या जवळ उभे राहणे, अशी नवी प्रतिमा रुजू लागली. संस्थेच्या नावातील ‘पोषणशास्त्र’ तेवढे जुन्या खुणेसारखे राहून गेले.

१९.
आवड घडवणाऱ्या गोष्टींत पुस्तकेही असतात. आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. गोव्याशी नाळ असलेला, मुंबईत वाढलेला फ्लॉइड कार्डोझ हा तरुण जीवरसायनशास्त्र शिकत असता ही कादंबरी त्याच्या हाती पडली आणि त्याने वाट बदलली. मुंबईत आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये तो हा पेशा शिकला. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ या उपाहारगृहाचा शेफ झाला. २०११ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरील शेफांच्या एका नामांकित स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने उपमा केला आणि तो जिंकला. मार्च २०२० मध्ये करोनाने त्याचा बळी घेतला.

२०.
कादंबरी वाचणारे थोडे. दूरचित्रवाणी पाहणारे अगणित. १९९३ मध्ये झी वाहिनीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला. तो घराघरांत नेणारे संजीव कपूर हे दिल्लीच्या त्याच सरकारी संस्थेचे पदविकाधारक. या कार्यक्रमाने फार मोठी गोष्ट केली. पांढरा कोट घातलेला, शिकलेला, हसतमुख पुरुष दुपारच्या वेळी आईच्या समोर येऊन स्वयंपाक करू लागला. मुलाने हा पेशा निवडण्याआधी आईच्या मनातील चित्र बदलणे आवश्यक होते, आणि ते दिवाणखान्यात बदलले.

२१.
याच सुमारास खासगी संस्थाही वाढल्या. १९८९ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ताज समूहाच्या सहकार्याने एक हॉटेलशिक्षण संस्था निघाली. तेथे ब्रिटनमधील हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवी मिळू लागली. पदविकेच्या जागी पदवी, केटरिंगच्या जागी मॅनेजमेंट, आणि दूरवर परदेश. ‘मॅनेजमेंट’ हा शब्द तर मराठी पालकांसाठी तोडगाच ठरला. ‘हॉटेलात काम’ म्हणताना जी जीभ अडखळत होती, ती ‘हॉटेल मॅनेजमेंट’ म्हणताना अडखळेनाशी झाली. भाषेत मुरलेली अढी भाषेनेच सोडवली.

२२.
सोडवली खरी, पण एक नवा पेच टाकून. ‘मॅनेजमेंट’ शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काढावे लागतात. तेथे त्याला कोणी व्यवस्थापक म्हणून बोलावलेले नसते. पोतेभर कांदे सोलायचे, पेले पुसायचे, चादरीचे कोपरे सरळ रेषेत दुमडायचे, न्हाणीघर घासायचे. दिवाळी, गणपती, ३१ डिसेंबर हे सर्वांचे सुट्टीचे दिवस त्याच्या सर्वाधिक कामाचे. उष्टे आणि खरकटे हे घरी कधी न उच्चारलेले दोन शब्द येथे रोज हाताला लागतात.

२३.
याचा परिणाम अभ्यासकांनी टिपला आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील एका अभ्यासात नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी या व्यवसायाविषयी उत्साही आढळले. प्रशिक्षण करून परतलेले मात्र बरेच निराश. २००० मध्ये तुर्कस्तानातील आणि २००१ मध्ये ब्रिटन व नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांच्या अभ्यासांतही अनुभव वाढेल तशी ओढ कमी होते, हीच दिशा दिसली. म्हणजे हा पेच केवळ आपल्या जातिव्यवस्थेचा नाही. स्कॉटलंडात सोवळे-ओवळे नाही. कामाचे तास, वेतन, वरिष्ठांची वागणूक ही कारणे सर्वत्र आहेत. आपल्याकडे त्यांवर उष्ट्या-खरकट्याचा जुना थर चढलेला आहे, एवढेच.

२४.
इतिहासाच्या बाजूने पाहता यामागचे मूळ कॉर्नेलच्या त्या न मिटलेल्या वादात सापडते. हॉटेल हा उद्योग उमेदवारीवर उभा राहिला : खालून सुरुवात करा आणि पायरी-पायरीने वर या. हॉटेलशाळा मात्र शेवटच्या पायरीचे नाव पाटीवर लावून विद्यार्थ्यांना बोलावते. रिट्झ, ओबेरॉय, मास्की यांना पहिल्या दिवशी कोणी मोठे वचन दिले नव्हते, म्हणून ते मोडलेही नाही. आजच्या विद्यार्थ्याला आधी वचन मिळते आणि पायऱ्या नंतर दिसतात. त्याची निराशा हा त्याच्या पिढीचा नाजूकपणा समजणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल.

२५.
२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजवर हल्ला झाला. कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून पळ काढला नाही. स्वयंपाकघरातील काहीजण पाहुण्यांना बाहेर काढताना मारले गेले. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये यावर एक लेख आला. ही माणसे अशी का वागली, याचे एक उत्तर लेखकांनी भरतीच्या पद्धतीत शोधले. ही कंपनी महानगरांपेक्षा लहान शहरांतून मुले घेई. मुंबईपेक्षा पुण्याकडे तिचा कल असे. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या जात : वडीलधाऱ्यांविषयी आदर, प्रसन्न वृत्ती आणि घरची गरज. प्रशिक्षणही इतरांच्या १२ महिन्यांऐवजी १८ महिन्यांचे.

२६.
त्यातील तिसरा निकष पुन्हा वाचा. घरची गरज. रात्रशाळेत जाणारा उडुपी हॉटेलातला पोऱ्या, कूडमध्ये बोटीची वाट पाहणारा तारवटी, महिना ५० रुपयांवर लागलेला कारकून या सर्वांना याच एका गोष्टीने या पेशात आणले होते. शंभर वर्षांत नावे बदलली, गणवेश बदलले, पदव्या आल्या. तरीही जी माणसे टिकतात त्यांच्यात गरज हा धागा उद्योगाला आजही दिसतो. हे कौतुकाचे आहे तितकेच अस्वस्थ करणारेही. गरजवंताची निष्ठा मोलाची खरी. पण तिच्यावर विसंबून वेतन आणि तास जसेच्या तसे ठेवायचे, हा सौदा किती काळ चालावा?

२७.
मार्च २०२० मध्ये हॉटेले बंद पडली, तेव्हा तो सौदा पुष्कळांनी मनातल्या मनात तपासला. आज अनेक विद्यार्थी पदवीनंतर क्रूझ जहाजांवर जातात, कारण तेथे डॉलरमध्ये पगार मिळतो. घरच्यांना ही नवी गोष्ट वाटते. धोबीतलावच्या कूडमध्ये ट्रंक उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाला ती मुळीच नवी वाटली नसती.

२८.
तर ‘या विद्यार्थ्यांना हॉटेलची आवड का वाटते’ या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर असे : त्यांच्या आधी समाजाने त्या कामाला काय नाव दिले, राज्यसंस्थेने ते कोणत्या खात्यात ठेवले, कादंबरीने आणि पडद्याने त्याचे कोणते चित्र रंगवले, यांवर आवड उगवते. ती टिकते की विरते हे मात्र प्रशिक्षणाच्या त्या पहिल्या काही महिन्यांत ठरते. उगवण्याचे काम गेल्या सत्तर वर्षांत आपण उत्तम केले. टिकवण्याचे काम बाकी आहे, आणि ते प्रवेशपुस्तिकेत उरकता येणार नाही. ते स्वयंपाकघरातील वेळापत्रकात आणि पगारपत्रकात करावे लागेल.

२९.
दादरच्या त्या रस्त्याने कधी गेलात, तर पाटीवरचे शेवटचे शब्द अवश्य वाचा. धान्याची टंचाई असताना काही स्त्रियांनी ठरवले की लोकांना नीट जेवू घालणे ही शिकण्याजोगी विद्या आहे. या पेशाला आजवर मिळालेल्या नावांत ते सर्वात प्रतिष्ठेचे नाव असावे. आणि आपल्या ओळखीतील एखादी मुलगी वा मुलगा या वाटेने निघाला असेल, तर त्याला ‘मॅनेजर कधी होणार’ असे विचारण्यापूर्वी ‘आज काय शिकलास’ असे विचारून पाहा.

थ्रेड समाप्त. आपल्या घरातील कोणी तारवटी, आचारी, खाणावळवाल्या मावशी किंवा केटरिंग कॉलेजचे जुने विद्यार्थी असतील, तर त्यांची आठवण खाली जरूर लिहा. या विषयाचा पुष्कळसा इतिहास अजून लोकांच्या आठवणींतच आहे.